नऊ नंबरच्या खोलीतले बेडूक

लॉजवर वहिनींचा एक नियम होता. पाहुणा कितीही मोठा असो, कितीही किरकिऱ्या असो, सकाळचा नाश्ता उरकला की प्रत्येक खोलीची चादर बदललीच पाहिजे. आदल्या संध्याकाळी आलेल्या बाईंनी काउंटरवर दोनदा बजावलं होतं की माझ्या खोलीत कुणी येऊ नका, झाडू-पोछा काही नको. पण बाई जीपमध्ये बसून बाहेर पडल्या आणि वहिनी धुतलेल्या चादरी खांद्यावर टाकून नऊ नंबरच्या खोलीत शिरल्या.

पलंग जसाच्या तसा होता. बाई त्यावर झोपल्याच नसाव्यात. खुर्चीवर पांघरूण तेवढं चुरगळून पडलं होतं. खोलीत ओलसर वास येत होता. वहिनींना वाटलं, नळ गळतोय. त्यांनी न्हाणीघराचं दार ढकललं आणि उंबरठ्यावरच त्यांचे पाय खिळले.

फरशीवर, बेसिनच्या कट्ट्यावर, बादलीवर आडव्या टाकलेल्या फळीवर, जिथे जागा मिळेल तिथे प्लास्टिकचे डबे रचून ठेवले होते. झाकणांना बारीक भोकं पाडलेली. वहिनींनी हाताशी होता तो डबा उचलून उजेडात धरला. आत ओला कागद, एक पान, आणि पानावर बसून त्यांच्याकडे बघणारा पिवळाधमक बेडूक. दुसऱ्या डब्यात बेडूक. तिसऱ्यात दोन. आणि या सगळ्याच्या खाली, ओल्या गारव्यासाठी म्हणून, लॉजचे पाहुण्यांसाठीचे ठेवणीतले टॉवेल पाण्यात भिजवून अंथरलेले.

वहिनी ओरडल्या नाहीत. त्यांनी डबा होता तसा ठेवला, दार लावलं, जिना उतरून काउंटरपाशी आल्या आणि स्टुलावर बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी भाऊजींना काय ते सांगितलं.

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. नऊ खोल्यांचा हा लॉज दोघा भावांनी मिळून उभा केला होता. थोरले गेले, त्यानंतर खोल्या आणि स्वयंपाकघर वहिनींकडे, काउंटर आणि सगळी दुरुस्ती भाऊजींकडे, अशी वाटणी न बोलताच होऊन गेली होती. भाऊजी 'वहिनी' म्हणायचे म्हणून त्या सगळ्या गावाच्या वहिनी झाल्या, आणि वहिनी 'भाऊजी' म्हणायच्या म्हणून ते सगळ्या गावाचे भाऊजी. त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं.

भाऊजी वर जाऊन आले ते पांढरेफटक होऊन.

"वहिनी," ते दबक्या आवाजात म्हणाले, "वर बेडूक आहेत."

"मीच सांगितलं तुम्हाला."

"हो, पण मला वाटलं एखाददुसरा असेल."

बाई दुपारी परतल्या. चाळिशीच्या, किडकिडीत, केस अगदी बारीक कापलेले. दारातच त्यांनी बुटांचे तळवे कसल्याशा औषधाच्या पाण्यात बुडवून घासून काढले. घरात यायच्या आधी बूट धुणारं माणूस वहिनींनी पहिल्यांदाच पाहिलं. एरवी याच गोष्टीवर त्या खूश झाल्या असत्या. आज त्यांनी सरळ सांगितलं की खोली संध्याकाळच्या आत रिकामी करा, हा लॉज आहे, डबकं नव्हे.

बाईंनी गयावया केली नाही, की वादही घातला नाही. आपण प्राण्यांच्या रोगांच्या डॉक्टर आहोत, रानातल्या जनावरांत पसरणाऱ्या साथींवर काम करतो, वरचे बेडूक औषध देऊन निर्धोक केलेले आहेत, एवढं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या की खोली रिकामी करते, पण त्याआधी तासभर माझ्याबरोबर या. पलीकडच्या खोऱ्यात जायचंय. बघा, आणि मग सांगाल तसं करते.

वहिनी का गेल्या ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. बाईंच्या आवाजात काहीतरी होतं. दवाखान्यातून घरी फोन करणारी माणसं अशी बोलतात, अगदी सरळ, एकेक शब्द जपून टाकत.

पलीकडच्या खोऱ्यातला ओढा त्यांच्या गावच्या ओढ्यासारखाच होता. तेच गोटे, तेच शेवाळ, तसंच फेसाळणारं पाणी. जीपमधून उतरल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही रबरी बूट दिले, हातमोजे दिले. दहा-वीस पावलं चालल्यावर वहिनींच्या लक्षात आलं की इथे नुसता पाण्याचा आवाज आहे. दुसरा कसलाच नाही.

मग त्यांना ते दिसायला लागले. आधी एक, गोट्यावर पाय पसरून पडलेला. मग कडेच्या चिखलात तिघे-चौघे. मग पाण्याच्या संथ वळणावर, वाळलेल्या पानांच्या जोडीने तरंगणारे, पोट वर करून, पांढुरके. नजर जाईल तिथे. वहिनी पुढे पाऊल टाकेनात, कारण टाकायला जागा नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी कपारीतून एक पिवळा बेडूक अलगद उचलला. या बेडकांना गावात 'हळद्या' म्हणत. तो जिवंत होता. त्यांनी त्याला आपल्या तळव्यावर उताणा केला. कुठलाही बेडूक निमिषात पालथा होतो. हा झाला नाही. पाय एकदा हलवून तसाच पडून राहिला, आणि त्याच्या अंगावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून आली.

बाईंनी सांगितलं ते असं: ही एक बुरशी आहे, डोळ्यांना न दिसणारी. पाण्यातून, चिखलातून, बुटांच्या तळव्यांतून पसरते. बेडूक पाणी पितो तो कातडीनेच, श्वासही बराचसा कातडीनेच घेतो. बुरशी कातडीत शिरली की अंगातले क्षार उतरत जातात आणि शेवटी काळीज बंद पडतं. दूरच्या देशातून कधीतरी कशाबरोबर तरी आली, आणि आता या डोंगररांगेवरून एकेक खोरं घेत पुढे सरकते आहे.

"म्हणजे आमच्या ओढ्यात येणार?" वहिनींनी विचारलं.

"येणार."

"थांबवता येत नाही?"

"रानात नाही. डब्यातल्या बेडकाला औषध देता येतं, ओढ्याला देता येत नाही. म्हणून ती पोचायच्या आधी जेवढे उचलता येतील तेवढे उचलायचे. शहरात आमच्या संस्थेत त्यांच्यासाठी इमारत बांधायला घेतली आहे, पण अजून तिला छप्पर नाही. आणि बुरशी काही छपराची वाट बघत नाही."

परत आल्यावर वहिनी जीपमधून उतरून तडक काउंटरपाशी गेल्या. भाऊजींना म्हणाल्या की सात आणि नऊ नंबर यांना द्या, लागतील तितके दिवस. भाऊजींनी तोंड उघडलं, वहिनींचा चेहरा पाहिला आणि मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून लॉजची तऱ्हाच बदलली. सात नंबरमध्ये ओढ्यावरून आणलेले नवे बेडूक. त्यांना रोज सकाळी औषधाच्या पाण्यात आंघोळ. तपासणीत निर्धोक ठरले की त्यांची रवानगी नऊ नंबरमध्ये. सातची कुठलीही वस्तू नऊमध्ये जायची नाही. बादली वेगळी, फडकं वेगळं, चपला वेगळ्या. वहिनींना हे समजवावं लागलं नाही. शिवाशिवीचा हिशेब त्यांच्या हातात होताच. त्यांनी सातच्या वस्तूंना लाल दोरा बांधला आणि नऊच्या वस्तूंना पांढरा. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी काउंटरवर विचारलं होतं की पाणी कुठलं. भाऊजी म्हणाले, बोअरिंगचं, शंभर टक्के स्वच्छ. ते खरंच होतं. बाई म्हणाल्या, उत्तम.

भाऊजी सुरुवातीला नाक मुरडत होते. लोक काय म्हणतील, पाहुणे पळतील, असं दिवसातून चारदा त्यांचं चालायचं. मग शहरातून बेडकांच्या खाण्यासाठी जिवंत रातकिडे आले, आणि भाऊजींच्या हातून पिशवी जेवणघरात फाटली. नेहमी येणाऱ्या पंख्यांच्या सेल्समनच्या सूपमध्ये तीन रातकिडे निघाले. भाऊजींनी सगळी दुपार टेबलांखाली रांगत काढली. पकडलेले किडे टाकून कशाला द्यायचे म्हणून ते स्वतःच वर घेऊन गेले, आणि हळद्या जीभ कशी फेकतो ते बघत तासभर तिथेच उकिडवे बसून राहिले. त्या दिवसापासून किडे घालायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही.

एक हळद्या त्यांचा विशेष लाडका झाला. हा बेडूक अधूनमधून पुढचा पाय उचलून हवेत फिरवायचा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ओढ्याच्या खळखळाटात ओरडून ऐकू जात नाही, म्हणून हे बेडूक असे हात करून एकमेकांशी बोलतात. भाऊजींनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. रोज सकाळी डब्यासमोर उभं राहून तेही हात वर करायचे, आणि साहेबाने उत्तर दिलं की खाली येऊन वहिनींना सांगायचे, आज साहेबांची मर्जी बरी आहे.

गावच्या ओढ्यावर बुरशी आली ती अशाच एका स्वच्छ सकाळी. म्हणजे आली आधीच असणार. दिसली त्या दिवशी. वहिनी डॉक्टरीणबाईंबरोबर पिशव्या धरायला जात असत, तशा गेल्या होत्या. आदल्या आठवड्यात याच जागी बेडकांच्या गलक्यात बोलताना आवाज चढवावा लागत होता. त्यांना वाटलं होतं, रोग पसरत जाईल म्हणजे म्हातारपणासारखा येईल, आज एक, उद्या एक, माणसाला सवय होईल. पण दोरीवर घातलेलं धुणं वाळून घड्या होईतो सगळं आटपलं होतं. पाण्याच्या कडेने ते पडले होते, हिरवे, तपकिरी, पिवळे. पुलावर शाळेची पोरं उभी राहून खाली खडे टाकत होती. बाजाराला निघालेली माणसं रोजच्यासारखी ये-जा करत होती. कुणी थांबलं नाही. वहिनींना कळेना की हे लोक ऐकत कसे नाहीत, एवढं सगळं बंद पडलंय ते.

डॉक्टरीणबाई पाण्यात गुडघाभर उभ्या होत्या. त्यांनी बरेच ओढे असे पाहिले होते, तरी त्यांचाही हात थांबला होता. मग त्या म्हणाल्या, चला, जे हलतंय ते उचला. दोघींनी दिवस मावळेपर्यंत उचललं. फार नव्हतं.

त्या रात्री वहिनींनी स्वतःची समजूत घातली की ओढा गेला, पण नऊ नंबर आहे. ओढ्यातल्या जवळजवळ प्रत्येक जातीचे थोडे थोडे बेडूक त्यांच्या लॉजमध्ये सुखरूप होते, चादरीपलंगासकट.

आणि पुढच्याच आठवड्यात नऊ नंबरमध्ये एक हिरवा बेडूक मेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एखादा मरतो, त्यात काही नाही. दुसऱ्या दिवशी सात बेडूक मेले. बाईंनी एक हळद्या उचलून तळव्यावर उताणा केला. वहिनी दारात उभ्या होत्या. बेडूक पालथा झाला नाही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. वहिनी चौकटीला धरून खाली बसल्या.

हे होणं शक्य नव्हतं. नऊ नंबरमध्ये बुरशी येणार कुठून? वहिनींना एकच उत्तर सुचत होतं: आपल्या हातून. कधीतरी घाईत लाल दोऱ्याचं फडकं पांढऱ्या बादलीत पडलं असणार. कधीतरी चपला बदलायच्या राहिल्या असणार. त्या डोक्यातल्या डोक्यात एकेक सकाळ पुन्हा झाडू लागल्या, आणि जितकं झाडलं तितका त्यांना स्वतःचा भरवसा वाटेनासा झाला. शेवटी त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या की माझ्याकडूनच झालं असेल, कसं ते आठवत नाही, पण खोल्या पुसते ती मीच.

बाईंनी त्यांना गप्प बसवलं. अंदाजाने काही ठरवायचं नाही, म्हणाल्या. त्यांनी कापसाच्या काड्या काढल्या आणि दिसेल त्यावर फिरवल्या: फडकी, बादल्या, चपलांचे तळवे, दाराच्या कड्या, डब्यांची झाकणं, नळाचं तोंड. सगळ्या काड्या जीपने शहरात गेल्या. तोवर नऊमधल्या सगळ्यांना पुन्हा औषधाची आंघोळ सुरू झाली. तरी रोज सकाळी डबे उघडायचे आणि मेलेले वेगळे काढायचे, हे चालूच राहिलं. भाऊजी रोज साहेबाचा डबा आधी बघायचे.

निकाल फोनवर आला. डॉक्टरीणबाई जेवणघरात बसल्या होत्या. भाऊजी हातात रातकिड्यांचा डबा घेऊन जिन्याकडे निघाले होते. वहिनी ताटल्या पुसत होत्या. बाईंनी फोन ठेवला आणि वहिनींकडे वळल्या.

"फडकी स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. "दोन्ही बादल्या स्वच्छ. चपला स्वच्छ. वहिनी, तुमच्याकडून काही झालेलं नाही. नळाच्या पाण्यात सापडली."

वहिनींना काही उमगेना. "बोअरिंगच्या?"

"बोअरिंगच्या पाण्यात ती असू शकत नाही. हे ओढ्याचं पाणी आहे."

भाऊजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे होते. त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर नक्की काय झालं ते वहिनींना पुढे कधी सांगता आलं नाही. घराचं छप्पर कोसळताना खाली उभ्या असलेल्या माणसाने वर बघावं, तसं काहीतरी.

"बोअरिंगची मोटर जळली होती," ते म्हणाले.

त्यांनी रातकिड्यांचा डबा पायरीवर ठेवला.

"सहलीची बस आली होती ना, त्या दिवशी. टाकी रिकामी, आणि मोटर जळली. मिस्त्री म्हणाला आठवड्याने येतो. ओढ्यावरून येणारा जुना पाइप होता तसाच होता, दादाच्या वेळचा. मी तो टाकीला जोडला. पाहुण्यांना पाणी नको का? मग मिस्त्री आलाच नाही, आणि पाणी येत होतं, म्हणून मी... सांगायचं राहून गेलं."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या हातातली ताटली तशीच राहिली होती. "त्या पाण्याने आपण त्यांचे डबे धुतो. रोज."

"मला वाटलं, पाणी तर पाणी." भाऊजी म्हणाले. "ओढ्यात आली तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही, वहिनी. मी रोज तोच नळ सोडत होतो. ओढा मेला म्हणून हळहळत होतो, आणि तोच नळ सोडत होतो."

वहिनींना भयंकर राग यायला हवा होता. त्यांनी तो शोधला. पण आत सगळं बधिर झालं होतं. ज्या माणसाने त्या बेडकांना घास घास मोजून भरवला, त्यानेच त्यांना रोज सकाळी विष घातलं होतं. आणि ते त्याला आत्ता, त्यांच्या देखत, या पायरीवर कळत होतं.

डॉक्टरीणबाई उठल्या. वहिनींना वाटलं, आता या फटकारणार, आणि फटकारावंच. पण बाई नुसत्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं. तपासलं नव्हतं. एक काडी नळाला आधीच लावली असती तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाल्या की आत्ता बोलत बसायला वेळ नाही, टाकी बंद करा आणि मोठी पातेली असतील तेवढी चुलीवर चढवा.

पुढचे कित्येक दिवस लॉजमध्ये पाहुणा घेतला नाही. भाऊजींनी टाकी रिकामी केली, आत उतरून घासली, पाइप करवतीने कापून काढला. पाणी उकळायचं, निववायचं, वर न्यायचं, हे सगळं त्यांनी अंगावर घेतलं. जेवायला बोलावलं तर यायचे, पण ताटात काय वाढलंय ते त्यांना ठाऊक नसायचं. वहिनी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होत्या. ठरवून नव्हे, कामाखेरीज काय बोलावं तेच सुचत नव्हतं.

साहेब एका मंगळवारी गेला. भाऊजींनी डबा उघडला, बघितलं, झाकण लावलं आणि डबा डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. मेलेल्यांची तपासणी करायची असते, हे आता त्यांना माहीत होतं. मग ते उरलेल्यांना किडे घालायला गेले. वहिनी कपडे वाळत घालता घालता हे बघत होत्या. त्यांनी ओला टॉवेल तोंडात दाबून धरला.

औषधाचा गुण आला, पण उशिरा. मरण थांबलं तेव्हा हिरव्यांपैकी बरे वाचले होते, तपकिरी निम्मेशिम्मे. हळद्या एका ओंजळीत मावतील एवढेच उरले. संस्थेच्या इमारतीला छप्पर चढल्यावर एक थंडगार केलेली गाडी आली, आणि डबे एकेक करून तिच्यात रचले गेले. भाऊजींनी ते गाडीपर्यंत वाहून दिले. दार बंद होताना मात्र ते तिथे नव्हते. मागच्या अंगणात मोटर उघडून बसले होते. टाकी घासली त्याच आठवड्यात मिस्त्री येऊन गेला होता, मोटर उत्तम चालत होती.

वर्ष उलटल्यावर डॉक्टरीणबाईंचा फोन आला. हळद्यांची अंडी फुटली, बघायला या. वहिनींनी पेटीतली चांगली साडी काढली, भाऊजींनी दाढी केली, आणि दोघं बसने शहरात गेली. त्या इमारतीत शिरण्याआधी बूट बदलायचे, हात धुवायचे, वरून पांढरा डगला चढवायचा, असं सगळं होतं. वहिनींनी ते केलं. भाऊजी बाहेरच्या काचेपाशी थांबले.

"चला ना," वहिनी म्हणाल्या.

"नको. मी इथूनच बघतो."

"अहो, त्यांनीच बोलावलंय."

"दिसतंय मला, वहिनी."

डॉक्टरीणबाईंनी आग्रह केला नाही. आत भिंतीला लावून काचेच्या टाक्या होत्या, आणि एका टाकीत काळ्या ठिपक्यांसारखी पिल्लं वळवळत होती, शेपट्या हलवत, मोजता येणार नाहीत इतकी. वहिनींच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी भाऊजींना दिसावं म्हणून जरा बाजूला होत विचारलं की आता ही मोठी झाली की केव्हा आणणार ओढ्यावर? सोडताना मला कळवा, मी येईन.

बाई टाकीपासून वळल्या. म्हणाल्या की वहिनी, मी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. बुरशी ओढ्यातच आहे. बेडूक गेले तरी ती जात नाही, दुसऱ्या कशाकशावर तग धरून राहते. आज यांना तिथे सोडलं तर महिन्याभरात ते पुन्हा तसेच पडलेले दिसतील.

"मग?"

"मग इथेच. यांची पिल्लं इथे, त्यांची पिल्लं इथे. उपाय सापडेपर्यंत. सापडलाच तर."

"म्हणजे किती वर्षं?"

"तुमच्या-माझ्या हयातीत होईल असं मी म्हणू शकत नाही."

वहिनींना वाटत आलं होतं की लॉजवर जे घडलं ते सर्वात वाईट होतं, आणि ते संपलं. हे त्यांच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. त्या टाकीकडे बघत उभ्या राहिल्या. वर पांढरी ट्यूबलाइट होती, खाली गुळगुळीत काच, कोपऱ्यात पाणी ढवळणारं एक गुणगुणतं यंत्र. त्यांच्या मनात आलं, हे जिवंत आहेत, आणि यांना घर नाही. जन्मायच्या आधीच गेलंय.

निघताना डॉक्टरीणबाईंनी सहज म्हणून सांगितलं की आता साथ उत्तरेकडच्या घाटापर्यंत आली आहे. तिकडच्या ओढ्यांत आणखी काही जाती आहेत, दुसरीकडे कुठेच नसलेल्या. त्या गावात दोन लॉज आहेत, पण बेडूक म्हटलं की मालक दारही उघडत नाहीत.

बसमध्ये भाऊजी खिडकीला डोकं टेकून बसले होते. अर्धा रस्ता झाल्यावर म्हणाले, "मी जाऊन येऊ का तिकडे?"

"कुठे?"

"त्या घाटाखालच्या गावात. डॉक्टरीणबाईंचं कोण ऐकणार? त्या शहरातल्या. लॉजवाल्याशी लॉजवाल्याने बोलावं लागतं."

"काय सांगणार तुम्ही त्यांना?"

भाऊजींनी खिडकीवरून डोकं उचललं. "झालं ते," ते म्हणाले. "सगळं. मी काय केलं ते धरून."

ते गेले. वहिनींनी काउंटर सांभाळला आणि चादरीही बदलल्या. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. भाऊजी म्हणाले की पहिल्या मालकाने ऐकून घेतलं आणि हाकलून दिलं. म्हणाला, इतकं करून तुमचे मेलेच ना? दुसरी एक म्हातारी बाई आहे. ती काही बोललीच नाही, नुसती बघत राहिली. उद्या तिला जीपने पलीकडच्या ओढ्यावर नेतोय.

"तिथे सुरू झालंय?" वहिनींनी विचारलं.

"झालंय," भाऊजी म्हणाले. "वहिनी, मी आज एकटाच जाऊन पाहिलं. अगदी आपल्यासारखंच आहे." वहिनींनी फोन ठेवला नाही.